एकाच बोअरचं पाणी आणि पाच तापमानं

जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर पाणी किती गरम आहे हे थर्मामीटर न सोडता, नुसत्या पाण्याच्या केमिस्ट्रीवरून सांगता येतं असं कुणाला म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हमखास "हात बघता का तुम्ही" असा भाव येतो. आणि खरं सांगू का, या धंद्यातली काही लोकं ज्या पद्धतीने हे फॉर्म्युले वापरतात ते बघितलं की तो भाव अगदीच चुकीचा वाटत नाही. लॅबचा रिपोर्ट आला, आकडे एक्सेलमध्ये टाकले, खाली तापमान आलं, रिपोर्टात ठोकून दिलं. झालं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, आणि उदाहरण असं घेतलंय की ज्यात सगळं काही टोकाचं आहे, म्हणजे मुद्दा लपून राहणार नाही.

कॅलिफोर्नियाच्या पार दक्षिणेला, मेक्सिकोच्या बॉर्डरजवळ सॉल्टन सी म्हणून एक तळं आहे. समुद्रसपाटीपेक्षा सत्तरेक मीटर खाली. १९०५ साली कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याचा बांध फोडून या खोलगट भागात घुसलं आणि १९०७ पर्यंत घुसतच राहिलं, त्यातून हे तळं झालं. पण आपल्याला तळ्याशी मतलब नाही, तळ्याच्या दक्षिण टोकाला जमिनीखाली जे आहे त्याच्याशी आहे. तिथे आधी लोकं कार्बन डायऑक्साइडसाठी बोअर मारायची, ड्राय आइस बनवायला. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाफेवर वीज करायची म्हणून खोल बोअर मारल्या, आणि १९६२ च्या सुमारास आयआयडी नंबर वन नावाची बोअर, म्हणजे सुमारे १,६०० मीटर खोल, सुरू केली तर वर जे आलं त्याला पाणी म्हणायचं की काय हाच प्रश्न होता.

आकडे बघा. एक किलो ब्राइनमध्ये, म्हणजे या खारट पाण्यात, विरघळलेले क्षार सुमारे २,५८,००० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला पाव किलो मीठ. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं, त्याच्या सातपटीहून जास्त. त्यात क्लोराइड १,५५,०००, सोडियम ५०,४००, कॅल्शियम २८,०००, पोटॅशियम १७,५००. इथपर्यंत ठीक आहे, खारट पाणी आहे म्हणू. पण पुढे लोखंड २,२९०, मँगनीज १,४००, जस्त ५४०, शिसं १०२, लिथियम २१५. हे पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) आहेत हं, पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) नाही. आपण पिण्याच्या पाण्यात शिसं पीपीबीमध्ये मोजतो आणि इथे शंभर पीपीएम शिसं घेऊन पाणी पाइपातून वाहतंय.

आणि खरी मजा पाइपात झाली. तीन महिने बोअर चालवल्यावर पाणी बाहेर सोडायच्या पाइपात पाच ते आठ टन स्केल, म्हणजे कडक थर, बसलं. काळं, लोखंडाने भरलेलं ओपल, म्हणजे बिनस्फटिकी सिलिका, आणि त्यात तांब्याची सल्फाइडं आणि चांदी. तांबं वीस टक्क्यांपर्यंत आणि चांदी सहा टक्क्यांपर्यंत. जिऑलॉजीवाल्यांची तर लॉटरीच लागली, कारण धातूंची खनिजं जमिनीत गरम पाण्यातून कशी बसतात हे पुस्तकात वाचायचं असतं आणि इथे एका पाइपात तीन महिन्यांत ते डोळ्यांसमोर घडलं. सुरुवातीला काही मंडळींना वाटलं की हे पाणी थेट मॅग्मातून आलंय. मग हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने पाण्यातले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) बघितले, १९६६ मध्ये छापले, आणि ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बघून कळलं की पाणी मूळचं तिथलंच, पावसा-नदीचं आहे, फक्त ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) खडकाशी देवाणघेवाण होऊन सरकलाय. पाणी साधं, माल सगळा खडकातला आणि आटून गेलेल्या जुन्या तळ्यांच्या मिठातला.

आता तापमान. आयडिया अशी की खोलवर गरम पाणी खडकातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाशी वर्षानुवर्षं घासत असतं. सोडियमवाला फेल्डस्पार आणि पोटॅशियमवाला फेल्डस्पार दोन्ही असले की पाण्यातलं सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर तापमान ठरवतं, जितकं गरम तितकं पोटॅशियम जास्त. क्वार्ट्झचंही (स्फटिकी सिलिका) तसंच, गरम पाण्यात जास्त विरघळतो. पाणी झटकन वर आलं तर थंड होतं, पण ही प्रमाणं बदलायला वेळ लागतो, म्हणून वर आलेल्या पाण्यात खालच्या तापमानाची खूण राहते. मुळात एवढंच आहे. यूएसजीएसचा (अमेरिकेचं सरकारी भूशास्त्र खातं) रॉबर्ट फोर्नियर, त्याच्याबरोबर ट्रूसडेल, न्यूझीलंडचा व्हर्नर गिगेनबाख, फ्रान्समधले फुयाक आणि मिशार, यांनी साठ ते ऐंशीच्या दशकात त्याचे फॉर्म्युले बसवले आणि आपण अजून त्यावरच जगतोय.

करून बघूया ना, कॅल्क्युलेटर घ्या. फोर्नियरचा १९७९ चा सोडियम-पोटॅशियम. ५०,४०० भागिले १७,५०० म्हणजे २.८८. त्याचा लॉग ०.४५९. त्यात १.४८३ मिळवले की १.९४२. आता १२१७ ला १.९४२ ने भागा, साधारण ६२६, हे केल्व्हिन, त्यातून २७३ वजा, आलं ३५३ डिग्री. गिगेनबाखचा सोडियम-पोटॅशियमवाला थोडा वेगळा आहे, त्याने ३५६ येतं, म्हणजे तेच, म्हणून तो वेगळा धरत नाही. सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम, १९७३ चा, त्याने ३१७. पोटॅशियम-मॅग्नेशियमने, मॅग्नेशियम फक्त ५४ पीपीएम आहे या पाण्यात, ३३५. सोडियम-लिथियम, खाऱ्या पाण्यासाठीचा व्हर्जन, ३३०. आणि सिलिका. या विश्लेषणात सिलिका ४००. क्वार्ट्झचा साधा फॉर्म्युला लावला की २३३.

हे मी आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराला प्रॅक्टिस म्हणून दिलं होतं. हुशार आहे, पटापट करून आणलं, आणि वर म्हणाला, "मॅडम, हा २३३ वाला आउटलायर आहे, ती रो डिलीट करून बाकीच्यांचा ॲव्हरेज टाकू का? ३३४ येतो, मस्त क्लीन दिसतंय."

मी म्हटलं, "हात लावू नकोस त्या रो ला."

कारण ती एक रो बाकी चारांपेक्षा जास्त बोलते. चार फॉर्म्युले ३१७ ते ३५३ म्हणतात आणि एक २३३ म्हणतो, तर प्रश्न "कोण बरोबर" हा नाहीच, प्रश्न आहे की या पाण्याचं खालून वर येताना काय काय झालं. पोटॅशियम-मॅग्नेशियम हा स्वभावाने उतावळा आहे, पाणी जरा कुठे थंड जागी रेंगाळलं किंवा वरचं थंड पाणी मिसळलं की मॅग्नेशियम लगेच वाढतं आणि तापमान धाडकन खाली येतं. सोडियम-पोटॅशियम हा सुस्त, जुनीच गोष्ट धरून बसतो. आता या दोघांनी ३३५ आणि ३५३ सांगितलं, म्हणजे उतावळा आणि सुस्त दोघांचं जवळपास जमलं, याचा अर्थ पाणी खालून सरळ वर आलंय, मध्ये कुठे थांबलं नाही, कुणात मिसळलं नाही. गिगेनबाखच्या त्रिकोणावर (सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा त्रिकोणी आलेख) हे पाणी टाकलं तर ते खडकाशी पूर्ण समतोलाच्या रेषेच्या जवळ जाऊन बसतं, आणि हे फार थोड्या पाण्यांच्या नशिबी असतं.

मग सिलिकाच का पडली? एक तर तो फॉर्म्युला २५० डिग्रीपर्यंतसाठीच आहे आणि साध्या पाण्यासाठी आहे, पाव किलो मीठ घातलेल्या पाण्यासाठी नाही, हे तर आहेच. पण २५० ला सुद्धा क्वार्ट्झच्या हिशेबाने पाण्यात ४८० च्या वर सिलिका हवी, तीनशेच्या वर तर त्याहून कितीतरी जास्त, आणि बाटलीत आहे ४००. बाकीची गेली कुठे? पाइपात. ते पाच-आठ टन काळं ओपल होतं ना, ते काय होतं? सिलिकाच. पाणी वर येताना थंड होतं, वाफ निघून जाते, मग सिलिका मावत नाही आणि बसायला लागते, आणि ती क्वार्ट्झ म्हणून नाही बसत, बिनस्फटिकी म्हणून बसते. म्हणजे २३३ हे खालच्या साठ्याचं तापमान नाही, बोअर आणि पाइप किती बुजतेय याची चाहूल आहे. जो माणूस तिथे प्लँट चालवणार आहे त्याला ३५३ पेक्षा या २३३ ची जास्त गरज आहे. आणि खरंच, सॉल्टन सीचे प्लँट वर्षानुवर्षं याच एका गोष्टीशी झगडले, शेवटी ब्राइनमध्ये मुद्दाम सिलिकाचे कण फिरवत ठेवायचे, म्हणजे ती पाइपाऐवजी त्या कणांवर बसेल, मग मोठ्या टाकीत गाळ खाली बसू द्यायचा, नाहीतर ॲसिड टाकून पीएच खाली ठेवायचा, असे उपाय निघाले.

वाफेचा मुद्दा आला आहे तर तो पण सांगते, कारण इथे बरीच लोकं घसरतात. ३०० डिग्रीचं पाणी वर येऊन साध्या हवेच्या दाबाला उघडं झालं की त्याचा चाळीसेक टक्के भाग वाफ होऊन जातो (साध्या पाण्याचा हिशेब आहे, ब्राइनचं थोडं कमी). मागे उरलं ते आटलेलं. सोडियम-पोटॅशियमला काही फरक पडत नाही, कारण दोन्ही सारखेच वाढतात, आमटी आटली तरी त्यातलं मीठ आणि हळद यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं तसं. पण सिलिका हा एकटाच आकडा आहे, गुणोत्तर नाही, तो वाढतो. म्हणून वाफ गेलेल्या पाण्यासाठी वेगळा फॉर्म्युला आहे आणि तो लावला तर आपले २३३ चे २१० होतात. आणि कॅल्शियमचं अजून वेगळं, वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड जातो, पीएच चढतो, कॅल्साइट बसतं, पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं, आणि सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियमचा फॉर्म्युला खरं असेल त्यापेक्षा जास्त तापमान दाखवायला लागतो. म्हणजे एक नुकसान आकडा खाली ओढतं, दुसरं वर ढकलतं.

या सगळ्याच्या आधी सॅम्पल. सॅम्पल नीट नसेल तर पुढचं सगळं पाण्यात. माझी खरी चिडचिड इथे आहे. एकदा एका ठिकाणाहून (नाव सोडा) आमच्याकडे खोल बोअरचं पाणी आलं ते मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत, झाकणाला सेलोटेप, वर मार्करने तारीख, तळाशी बोटभर पांढरा, जेलीसारखा गाळ. बरोबरच्या चिठ्ठीत लिहिलेलं, "कृपया गाळ गाळून घेणे." अहो, तो गाळ म्हणजेच तुमची सिलिका! तो गाळून टाकला की मी काय डोंबल मोजणार? नीट करायचं तर बोअरच्या तोंडाशी वाफ आणि पाणी वेगळं करणारा छोटा सेपरेटर लावायचा, पाणी स्टीलच्या कॉइलमधून थंड करून घ्यायचं, जागच्या जागी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड टाकायचं, क्लोराइड-सल्फेटची बाटली वेगळी आणि बिनॲसिडची, आणि सिलिकासाठी तिथेच, त्या क्षणी, दहापट डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करायचं म्हणजे ती जुळून जेली होत नाही. वायूंसाठी गिगेनबाखच्याच नावाची बाटली असते, आतली हवा काढलेली, तळाशी कॉस्टिक सोड्याचं द्रावण, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड शोषले जातात आणि बाकीचे वायू वर जमतात. पीएच पण तिथेच मोजायचा, आणि तरी तो खालचा पीएच नसतोच, वायू उडून गेल्यानंतरचा असतो, खालचा काय होता तो मागाहून हिशेबाने काढावा लागतो.

लॅबमध्ये पण असं पाणी म्हणजे डोकेदुखी. सोडियम पन्नास हजार आणि चांदी एखाद-दोन पीपीएम, दोन्ही एकाच सॅम्पलमध्ये. हजारपट पातळ केलं की सोडियम छान दिसतं आणि चांदी गायब, नाही केलं की मशीनच्या नोझलला मीठ चढतं आणि दुपारपर्यंत सगळं बंद. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या डायल्यूशनने मोजायचं आणि शेवटी धन-ऋण चार्ज जुळतात का बघायचं. वरचे आकडे मी जुळवून बघितले, लोखंड-मँगनीज-लिथियम सगळं धरून फरक दोन टक्क्यांच्या आत येतो. साठच्या दशकात, आजची मशीनं नसताना. त्या केमिस्ट लोकांना सलाम.

खरं तापमान काय होतं हे विचाराल. त्या फील्डमध्ये खोलवर तीनशेच्या बऱ्याच वर तापमान मोजलंय. १९८५-८६ मध्ये तिथे खास संशोधनासाठी स्टेट २-१४ नावाची बोअर मारली, ३,२२० मीटर, आणि तळाजवळ साधारण ३५५ डिग्री मिळालं. आणि हे मोजणंही सोपं नसतं, अशा ब्राइनमध्ये केबलला लावलेली यंत्रं टिकत नाहीत, शिवाय ड्रिलिंग करताना थंड चिखल सतत आत सोडलेला असतो त्यामुळे बोअर आपल्या मूळ तापमानाला यायला वेळ लागतो. म्हणून तर केमिस्ट्री लागते, हौस म्हणून नाही.

आता कुणी म्हणेल की हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय. आपल्याकडे वाफेवर वीज करणाऱ्या अशा खोल बोअर नाहीत पण वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ-राजवाडी, उन्हवरे करत राजापूरच्या उन्हाळे गावापर्यंत गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि त्यांच्यावर हेच फॉर्म्युले लावलेले पेपर ढिगाने आहेत. तिथे एक सापळा आहे जो मी सगळ्या विद्यार्थ्यांना करून दाखवते. समुद्राच्या पाण्याचे पुस्तकी आकडे घ्या, सोडियम १०,७७०, पोटॅशियम ३९९. वरचाच फॉर्म्युला लावा. १४५ डिग्री! म्हणजे गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून बाटली भरली तर फॉर्म्युला म्हणेल की खाली १४५ डिग्रीचा साठा आहे. पोटॅशियम-मॅग्नेशियमने पण ९७ येतं, बरं का, म्हणजे तो पण पूर्ण वाचवत नाही. फॉर्म्युल्याला काय, दोन आकडे दिले की तो भागाकार करणारच, त्या पाण्याची फेल्डस्पारशी कधी ओळख झाली होती का हे तो विचारत नाही. त्यामुळे कोकणातल्या कुंडाच्या पाण्यात क्लोराइड दिसलं की आधी क्लोराइड-ब्रोमाइडचं गुणोत्तर आणि आयसोटोप बघायचे, समुद्र मिसळलाय का ते ठरवायचं, आणि मग तापमानाच्या गप्पा. कुंडातलं पाणी बोअरसारखं झटकन वर येत नाही, रमतगमत येतं, वाटेत बसाल्टमधून मॅग्नेशियम उचलतं, पावसाळ्यात वरचं पाणी मिसळतं. तिथे तीन फॉर्म्युले तीन उत्तरं देणारच, आणि त्यातलं सगळ्यात मोठं उत्तर उचलून "वीजनिर्मितीची प्रचंड क्षमता" म्हणून बातमी होणार. असो.

उलटा प्रकार फ्रान्समध्ये आहे. आल्सासमधलं सूल्झ-सू-फोरे, तिथे पाच किलोमीटर खोल ग्रॅनाइटमध्ये बोअर आहेत, तळाशी साधारण २०० डिग्री मोजलंय, आणि ब्राइनमध्ये लिटरला शंभरेक ग्रॅम क्षार. केमिस्ट्री मात्र २२५ च्या आसपास सांगते, पंचवीस इकडेतिकडे. म्हणजे फॉर्म्युला चुकला? तिथल्या लोकांनी तसं म्हटलं नाही, ते म्हणाले की पाणी इथलं नाहीच, ऱ्हाइनच्या खोऱ्याच्या मध्यभागी अजून खोल, अजून गरम गाळाच्या खडकांत ते तयार झालं आणि भेगांमधून सरकत इथे आलं. मला हा युक्तिवाद आवडतो, पण सावधपणे आवडतो, कारण मोजलेल्यापेक्षा जास्त आलं की "पाणी बाहेरून आलंय" आणि कमी आलं की "मिसळलंय" असं म्हणत गेलं तर फॉर्म्युला कधीच चुकू शकत नाही. सूल्झला तो पटतो एवढ्यासाठी की बरेचसे वेगवेगळे फॉर्म्युले त्याच पट्ट्यात येतात.

शेवटी लिथियम, कारण सध्या सॉल्टन सीचं नाव निघतं ते वीजेमुळे नाही, लिथियममुळे. २०२३ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅबच्या रिपोर्टात तिथल्या साठ्यात मिळून ३४ लाख टन लिथियम असू शकतं असा अंदाज आला, आणि सगळे तिकडे धावले. प्लॅन असा की वीज केल्यावर ब्राइनमधून लिथियम काढून घ्यायचं आणि उरलेलं ब्राइन परत जमिनीत सोडायचं. चांगलंय. पण यात आमच्यासारख्यांसाठी एक गोष्ट आहे जिच्यावर चर्चा कमी दिसते. सोडलेलं ब्राइन काही वर्षांनी फिरून उत्पादन बोअरमध्ये येणार, सगळीकडे येतं, आणि आता त्यात लिथियम नसणार. समजा आयआयडी नंबर वनच्या पाण्यात २१५ चं १५० झालं आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर सोडियम-लिथियमचं उत्तर ३३० वरून २८६ वर येतं. साठा थंड झालेला नसताना. पण सोडियम-पोटॅशियम अजून ३५३ च म्हणत असेल, तर या दोघांतली फट किती रुंद होतेय यावरून परत सोडलेलं पाणी किती पोचलंय ते कळेल, वेगळा ट्रेसर (पाण्याचा माग काढायला टाकायचं रसायन) न टाकता, फुकटात. त्यासाठी लिथियम काढायला सुरुवात करायच्या आधीचे सगळ्या बोअरचे आकडे नीट जपलेले हवेत, सिलिकाच्या रो सकट. त्या पोराला मी आता हेच काम दिलंय, जुन्या छापील टेबलांमधले आकडे एका शीटमध्ये भरायचं, आणि डिलीटचं बटण वापरायचं नाही.